अठ्ठावीस सेकंद

शेजारच्या लोहोकऱ्यांकडे विकेट आधी पडते.
त्यांच्याकडे अजून केबल, आमच्याकडे वायफाय.
भिंतीपलीकडून "गेला रे!" ऐकू येतं
तेव्हा आमचा फलंदाज हातमोजे घट्ट करत
निवांत उभा असतो, बिचारा,
आपण बाद झालोय याचा पत्ता नसलेला.

ऋजुतानं एकदा घड्याळ लावून मोजलं:
अठ्ठावीस सेकंद.
म्हणजे धनकवडीत, आमच्याच मजल्यावर,
चार इंची भिंतीपलीकडे
भविष्यकाळ राहतो
आणि तो बनियनवर असतो.

वैजू म्हणते, आवाज वाढवा, म्हणजे कळणार नाही.
मी वाढवतो.
मग दादा कानातलं मशीन काढतात,
सुपारीच्या जुन्या डबीत ठेवतात
आणि नुसतं बघतात.
घरात खरी मॅच पाहणारे ते एकटेच.

गुरुवारी मात्र मशीन कानात लागतं.
सहाला नाशकाहून फोनमध्ये ओजस येतो,
माझ्या बहिणीचा, पुढचे दोन दात पडलेला,
आणि दादा त्याला तीनताल शिकवतात.
फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला.
सुरुवातीला दोघं बरोबर वाजवायला गेले.
इकडची सम तिकडे पोचेपर्यंत
तिकडे तिसरी मात्रा चाललेली.
खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
केसाएवढी चूक मोजून बाजूला काढणारा माणूस
डग्ग्यावर तळवा ठेवून म्हणाला,
"ह्या यंत्रात सम बसतच नाही रे."
मी नवा राउटर आणला. अठराशे रुपये.
सम आली नाही, बिल आलं.

आता ते आळीपाळीनं वाजवतात.
आधी हा, मग तो.
मध्ये जी गप्प जागा उरते
तिच्यात दादा मान किंचित पुढे काढून थांबतात.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी हलत नाहीत.
माझ्यासाठी ते असे कधी थांबल्याचं
आठवत नाही. असो.

ऋजुताचं वेगळंच.
शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला
मी तिची बाटली धरून उभा होतो.
मोज्यांत लाल माती, गुडघा सोललेला,
आणि पंचांनी ऐन वेळी शिट्टी मारून
तिचा खो नाकारला.
"हात लागला होता की!"
परतताना स्कूटरवर मीच भांडत होतो.
ती मागून, हेल्मेटच्या आतून:
"बाबा, हात आधी लागला, शब्द नंतर आला.
दोन्ही एकदम लागतात. नाहीतर फाउल."

सातारा रस्त्याच्या सिग्नलला नव्वद सेकंद होते.
मी मनात मोजायला घेतलं,
कुठे नुसता हात गेला,
कुठे नुसता शब्द,
आई दवाखान्यात होती त्या रात्री
मी मीटिंगमधून पाठवलेला तो अंगठा,
पिवळा, उभा...
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.

काल शेवटचं षटक.
वैजू मैत्रिणींबरोबर नाटकाला गेलेली,
ऋजुता आतल्या खोलीत कुणाशी तरी हसत होती,
दादा खुर्चीतच झोपलेले, चष्मा पोटावर,
मशीन डबीत.
तेवढ्यात भिंतीपलीकडे आरडाओरडा.
खुर्ची पडली. कुणीतरी ताट बडवायला लागलं.
जिंकलो असणार.

माझ्याकडे अठ्ठावीस सेकंद होते.
विचार करण्यात सहा गेले.
लांबून हाक मारून उपयोग नव्हता.
नुसतं हलवलं तर दचकतात.
मी मागून गेलो,
खांद्यावर हात टेकवला
आणि अगदी त्याच क्षणी,
ऐकू जाणार नाही हे माहीत असून,
म्हणालो, "दादा."

त्यांनी डोळे उघडले.
आधी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

पडद्यावर गोलंदाज
अजून चेंडू मांडीवर घासत होता.